बुडालेल्या धंद्यांची सपाट वाट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशर परगण्यात, स्कारबरो आणि व्हिटबी ही दोन जुनी बंदरं आहेत. एकीकडून दुसरीकडे मोटारीने जायचं तर ए १७१ हा रस्ता आहे. तो किनारा सोडून वर माळरानावर चढतो आणि पुन्हा समुद्राकडे उतरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यावर मोटारी, ट्रक आणि कॅराव्हॅन यांची रांग लागलेली असते. मागे सामानाच्या पिशव्या लटकवून निघालेल्या सायकलस्वाराला तिथे जीव मुठीत धरून चालवावं लागतं. पण याच दोन गावांमध्ये आणखी एक वाट आहे. सुमारे ३५ किलोमीटर लांब, बराचसा वेळ समुद्र नजरेच्या टप्प्यात ठेवणारी, आणि थोडेसे तुकडे वगळता मोटारींना पूर्ण बंद. तिचं नाव सिंडर ट्रॅक.

ही वाट सायकलींसाठी कोणी आखली नव्हती. ती रेल्वेची होती. रुळांखाली फोडलेल्या खडीऐवजी जळक्या कोळशाचा चुरा आणि राख पसरलेली होती, त्यावरून हे नाव पडलं. १६ जुलै १८८५ रोजी या मार्गावरून पहिली गाडी धावली आणि मार्च १९६५ मध्ये शेवटची. जेमतेम ऐंशी वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली बरीचशी वर्षं ओढाताणीची. या किनाऱ्यावर आणि त्यामागच्या माळरानावर सायकलीने फिरताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. जिथे चाक सुखाने फिरतं तिथे एके काळी कोणाचा तरी धंदा बुडालेला असतो.

वाफेचं इंजिन आणि माणसाचे पाय

रेल्वेची जुनी वाट सायकलीला इतकी का मानवते, याचं उत्तर साध्या पदार्थविज्ञानात आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फारच कमी घर्षणाने फिरतं. सपाटीवर हा मोठा फायदा असतो आणि चढावर तोच तोटा ठरतो, कारण चाकाला रेटा द्यायला पकडच मिळत नाही. म्हणून रेल्वेचे इंजिनिअर चढ टाळण्यासाठी वाटेल ते करत. टेकडी आडवी आली की कापायची, दरी आली की भराव घालायचा, तेही जमलं नाही तर पूल किंवा बोगदा.

माणसाची अडचण वेगळी, पण परिणाम तोच. साधारण तब्येतीचा माणूस तासन्‌तास पेडल मारत राहिला तर शंभर वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरलं, तर चाळीस मीटरला एक मीटर अशा चढावर एवढ्या शक्तीत तो ताशी नऊ-दहा किलोमीटरने वर जात राहतो. दमतो, पण थांबत नाही. तीन मीटरला एक मीटर असा चढ आला तर ताशी चार किलोमीटर या रांगत्या वेगालाही साडेतीनशे वॉट लागतात. ते शर्यतीतल्या खेळाडूचं काम. बाकीच्यांनी उतरून सायकल ढकलायची.

तीनास एक हा आकडा हवेतला नाही. याच भागातल्या रोझडेल खोऱ्यातून वर येणाऱ्या चिमनी बँक नावाच्या रस्त्याचा चढ तेवढाच आहे आणि इंग्लंडमधल्या सर्वांत खड्या रस्त्यांत तो गणला जातो. खोऱ्यातली गावं आणि वरची माळरानं यांना जोडणारे इथले अनेक जुने रस्ते सरळ वर चढतात. वळसे घेत चढ सौम्य करण्याची चैन त्यांना परवडली नव्हती.

सिंडर ट्रॅकवरचा सर्वांत कठीण चढ एकोणचाळीसास एक. आकडा सौम्य वाटतो, पण रेल्वेच्या हिशेबात तो भयंकर आहे. कर्जत ते लोणावळ्यादरम्यान बोरघाटात चढ सदतीसास एक आहे आणि तो चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, हे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यॉर्कशरच्या या आडवळणाच्या एकेरी मार्गावर जवळजवळ तसाच घाट होता. त्यात समुद्रावरून येणारं दाट धुकं रूळ ओले करायचं. चाकं जागीच गरगर फिरायची, गाडी चढावर अडायची, आणि मग ड्रायव्हर ती मागे नेऊन, पुन्हा वेग घेऊन चढण्याचा प्रयत्न करायचा. इंजिनाला जिथे घाम फुटत होता तोच चढ आज शाळकरी मुलं पार करतात.

जे शहर झालंच नाही

हा चढ संपतो ते ठिकाण रॅव्हन्सकार. समुद्रसपाटीपासून ६३१ फूट, म्हणजे सुमारे १९२ मीटर उंचीवर इथलं स्टेशन होतं. स्कारबरोहून निघालं की पहिले काही किलोमीटर शेतं, झाडी आणि जुनी स्टेशनं मागे टाकत वाट हळूहळू वर येते. क्लोटन, हेबर्न वाइक, स्टेन्टनडेल अशी एकेक स्टेशनं लागतात. फलाटांच्या कडा अजून ओळखू येतात. मग डावीकडे माळरानाचा उतार आणि उजवीकडे एकदम मोकळा समुद्र.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इथे स्कारबरोच्या तोडीचं समुद्रकिनारी शहर उभारायचा बेत एका जमीन-कंपनीने केला. रस्ते आखले, गटारं घातली, भूखंड पाडले आणि विकायला काढले. ठिकाणाचं पीक हे जुनं नाव जाऊन रॅव्हन्सकार हे भारदस्त नाव स्टेशनाला मिळालं. कागदावर सगळं होतं, एक गोष्ट सोडून. समुद्रात डुंबायला आलेल्या माणसाला पाण्यापर्यंत पोहोचायचं तर शेकडो फूट कडा उतरावा लागे, आणि खाली गेल्यावर वाळूऐवजी खडक भेटत. वर वारा आणि धुकं. घरं बांधली गेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि कंपनी बुडाली. आज गवताळ माळावर आखीव रस्ते आहेत, पण त्यांच्या कडेला घरं नाहीत. मध्येच शहरी थाटाच्या इमारतींची एखादी ओळ एकटी उभी दिसते.

त्याच कड्याच्या पोटात त्याहून जुना धंदा गाडलेला आहे, तो तुरटीचा. दाढीनंतर गालावर फिरवायची किंवा गढूळ पाणी निवळायची वस्तू म्हणून आपण तुरटी ओळखतो. युरोपात तिची खरी गरज रंगाऱ्यांना आणि कातडी कमावणाऱ्यांना होती, कारण तुरटीशिवाय लोकरीवर रंग पक्का बसत नसे. रॅव्हन्सकारच्या कड्यात तुरटी काढण्याजोगा मऊ शेल दगड थरच्या थर आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६२ पर्यंत इथे तो खणून काढला जात होता.

ही कृती ऐकण्यासारखी आहे. खणलेला दगड लाकूडफाट्यावर रचून मोठाले ढीग करायचे आणि ते पेटवून महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे. मग तो भाजलेला दगड पाण्याच्या हौदांत भिजवायचा. ते पाणी काढून, उकळून आटवायचं आणि त्यात समुद्री शेवाळाची राख किंवा शिळं मूत्र घालायचं. दगडातून ॲल्युमिनियम सल्फेट मिळे; राखेतल्या पोटॅशियममुळे किंवा मूत्रातल्या अमोनियामुळे तुरटीचे खडे बनत. स्थानिक वस्तीचं मूत्र पुरेनासं झालं, तेव्हा लंडन आणि न्यूकॅसलसारख्या शहरांतून ते पिंपांत भरून जहाजाने आणलं जाऊ लागलं. द्रावण पुरेसं दाट झालं की नाही हे पाहायला त्यात अंडं सोडत, अंडं तरंगलं की काम झालं, असं इथे सांगतात. पुढे रासायनिक कारखान्यांत तुरटी स्वस्तात बनू लागली आणि हा सगळा खटाटोप थांबला. सायकल लावून थोडं खाली उतरलं की हौदांच्या आणि इमारतींच्या पायाचे दगड पाहता येतात. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते जपले आहेत.

रॅव्हन्सकारच्या जुन्या बोगद्यातून आता जाता येत नाही. सायकलची वाट त्याला वळसा घालून जाते आणि मग उताराला लागते. समोर रॉबिन हुड्स बे या उपसागराची अर्धवर्तुळाकार कमान दिसते. ओहोटी असेल तर पाण्याबाहेर आलेल्या खडकांच्या समांतर, वळलेल्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. इथले ज्युरासिक काळातले थर घुमटासारखे वर उचलले गेले, लाटांनी घुमटाचा माथा तासून नेला, आणि कठीण थरांच्या कडा तेवढ्या उरल्या. या खडकांत अमोनाइट या शंखासारख्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात.

एस्कवरच्या तेरा कमानी

रॉबिन हुड्स बे हे मासेमारांचं गाव कड्याच्या घळीत एकावर एक घरं रचल्यासारखं वसलेलं आहे. रेल्वेने गावात शिरायचा प्रयत्न केला नाही. स्टेशन वर माथ्यावर राहिलं आणि गाव खाली. त्यामुळे चहा प्यायला खाली उतरायचं तर सायकल वरच लावून पायी जावं. गावातला रस्ता इतका खडा आहे की परत येताना पायांना वेगळी शिक्षा नको.

पुढे हॉस्कर गाव ओलांडून व्हिटबी जवळ येतं आणि या वाटेवरचं सर्वांत भव्य बांधकाम सामोरं येतं. लार्पूलचा पूल. एस्क नदीच्या दरीवर तेरा कमानी, लांबी ९१५ फूट, उंची १२५ फूट, आणि सुमारे पन्नास लाख विटा. १८८२ च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि १८८४ मध्ये संपलं. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये व्हिटबीला राहून गेला, आणि १८९७ साली आलेल्या त्याच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत व्हिटबीच्या वर्णनात हा पूल येतो. पुलावर सायकल थांबवून खाली पाहिलं तर नदीच्या काठाने मिडल्सबरोहून आलेली एस्क व्हॅलीची रेल्वे अजून चालू आहे. वरची बंद पडली, खालची टिकली.

एका बाबतीत रेल्वेची जुनी वाट आजच्या कोणत्याही नव्या सायकल-मार्गापेक्षा सरस ठरते. आगगाडी वाटेत सारखी थांबू शकत नाही, म्हणून आडव्या येणाऱ्या रस्त्यांना रेल्वेने पुलावरून किंवा पुलाखालून ओलांडलं. सायकलस्वाराला तो फायदा आयता मिळतो. मैलोन्‌मैल जाताना चौक नाही, सिग्नल नाही, मान वळवून मागे पाहणं नाही. शहरात रंगाची पट्टी मारून काढलेली सायकल-मार्गिका पहिल्याच चौकात विरघळते. ही वाट चौकाच्या खालून निघून जाते.

माळरानावरची रेल्वे

किनारा सोडून आत शिरलं की नॉर्थ यॉर्क मूर्सचा पसारा सुरू होतो. मूर म्हणजे उंचावरची, झाडं नसलेली, आम्ल आणि ओलसर मातीची मोकळी जमीन. १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या प्रदेशाचा सुमारे एक तृतीयांश भाग हेदर या खुरट्या झुडपाने व्यापलेला आहे. ऑगस्टमध्ये ते फुलतं आणि नजर पोहोचेल तिथवर जांभळा रंग पसरतो.

हे रान निसर्गाने असंच दिलेलं नाही. इथे पूर्वी झाडी होती. कांस्ययुगातल्या आणि नंतरच्या शेतकऱ्यांनी ती तोडली, पातळ मातीतला कस पावसाने धुऊन नेला, आणि मग हेदर माजलं. ते तसंच राहावं म्हणून मेंढ्या चरतात, आणि ग्राउझ नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनमालक थंडीत हेदरचे ठरावीक तुकडे आळीपाळीने जाळतात, म्हणजे पक्ष्यांना कोवळे कोंब मिळतात. दुरून डोंगरावर जी ठिगळं दिसतात ती या जाळपोळीची.

या माळरानावर, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, एके काळी रेल्वे धावत होती यावर चटकन विश्वास बसत नाही. रोझडेलच्या डोंगरात उत्तम लोखंडाचं खनिज सापडलं आणि ते उत्तरेच्या भट्ट्यांपर्यंत नेण्यासाठी १८६१ मध्ये हा मार्ग उघडला. खोऱ्याच्या तळातून नेण्याऐवजी इंजिनिअरांनी तो डोंगरमाथ्याच्या कडेकडेने, एकाच उंचीची रेघ धरून फिरवला. त्यामुळे फार्नडेल खोऱ्याच्या माथ्याला वळसा घालत जाणारी वाट आजही मैलोन्‌मैल जवळपास सपाट आहे. खाली पाचशे वस्तीचं रोझडेल वीस वर्षांत तीन हजारांच्या जवळ पोहोचलं. गाडीभाडं वाचवण्यासाठी खनिज आधी जागेवरच दगडी भट्ट्यांत भाजत, म्हणजे त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन वजन घटे. त्या भट्ट्यांच्या कमानी रोझडेलच्या उतारावर अजून उभ्या आहेत.

माथ्यावरून खाली उतरायला इंगलबीचा उतार होता, काही ठिकाणी पाचास एक इतका खडा. तिथे इंजिनाचं कामच नव्हतं. वरून खनिजाने भरलेल्या वाघिणी दोराला बांधून सोडायच्या, दोर वरच्या ढोलावरून फिरायचा, आणि भरलेल्यांच्या वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जायच्या. ना कोळसा, ना वाफ. वरची इंजिनं एकदा चढवली की वर्षानुवर्षं माथ्यावरच राहत, मोठ्या दुरुस्तीपुरती खाली येत. खाणी आटत गेल्या आणि १९२९ मध्ये हा मार्गही बंद पडला.

ब्लेकी ते ब्लोवर्थ हा या जुन्या मार्गाचा तुकडा आज चालणारे आणि जाड टायरचे सायकलस्वार दोघेही वापरतात. तिथे पोहोचण्यासाठी व्हिटबीहून एस्क व्हॅलीची गाडी पकडून कासलटन मूर स्टेशनवर उतरायचं आणि डोंगरसोंडेवरच्या डांबरी रस्त्याने ब्लेकी रिजकडे चढायचं. हा चढ मोटारींसोबत करावा लागतो. रस्त्याला कुंपण नाही, मेंढ्या मध्येच आडव्या येतात. पण ब्लेकीला रस्ता सोडून जुन्या रेल्वेच्या भरावावर आलं की मोटारीचा आवाज मागे पडतो.

वाट टिकते कशी

१९६३ साली रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. ब्रिटिश रेल्वेचा तोटा आवरायला सुमारे पाच हजार मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करावीत, असं त्यात म्हटलं होतं. स्कारबरो-व्हिटबी मार्ग त्यातच गेला. रूळ उखडले गेले. देशभर अशा शेकडो मार्गांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. कुठे शेतकऱ्याने शेत वाढवलं, कुठे घरं झाली, कुठे पूल पाडून लोखंड भंगारात गेलं.

इथे मात्र १९७५ मध्ये स्कारबरोच्या नगरपालिकेने जमीन विकत घेतली आणि वाट बहुतांश सलग राहिली. बहुतांश म्हणण्याचं कारण स्कारबरोच्या उत्तरेला स्कॉल्बीत दिसतं. तिथे जुन्या मार्गावर घरं झाली आहेत, आणि सायकलस्वाराला निवासी गल्ल्यांमधून वळसा घ्यावा लागतो. विकलेला एक लहानसा तुकडा परत मिळवणं किती अवघड असतं, याचा तो धडा आहे.

कॉर्नवॉलमधली कॅमल ट्रेल हे वाट सलग जपल्याचं दुसरं उदाहरण. वेडब्रिजहून बॉडमिनकडे १८३४ मध्ये रेल्वे निघाली ती खाडीतली समुद्राची वाळू आत शेतांपर्यंत नेण्यासाठी, कारण शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली ती वाळू आम्ल जमिनीला खतासारखी उपयोगी पडे. नंतर मार्ग पॅडस्टो बंदरापर्यंत वाढला. आज खाडीकाठापासून बॉडमिन मूरच्या पायथ्यापर्यंत ही वाट सायकलींची आहे. डेव्हनमध्ये डार्टमूरच्या कडेने जाणाऱ्या ग्रॅनाइट वे या वाटेवर मेल्डनचा १८७४ चा लोखंडी पूल सायकलने ओलांडता येतो. अमेरिकेने तर १९८३ मध्ये कायद्यातच तरतूद केली, की बंद मार्गाची जमीन न मोडता ती तात्पुरती चालण्या-सायकलींसाठी वापरावी, म्हणजे पुढे गरज पडली तर रेल्वे परत आणता येईल. तिन्ही ठिकाणी शहाणपण एकच. रूळ गेले तरी चालतील, रेघ तुटता कामा नये.

वाट जपली की नवे वाद येतात. सिंडर ट्रॅकचा पृष्ठभाग बऱ्याच ठिकाणी खडबडीत आणि पावसात चिखलाचा आहे. तो गुळगुळीत करावा असं अनेक सायकलस्वारांना वाटतं. घोडेस्वारांना पायाखाली मऊ जमीन हवी, आणि चालणाऱ्यांना भीती की डांबर आलं की सायकली भरधाव सुटतील. मोटारी नाहीत म्हणजे वाट रिकामी नाही. कुत्री, मुलं, घोडे, म्हातारी जोडपी सगळे तिथे आहेत. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलीला परवानगी दिली ती या अटीवर, की चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. साध्या पायवाटेवर सायकलीला तो हक्क नाही, तेव्हा माळरानावर वळण्याआधी नकाशावर वाटेचा प्रकार पाहून घ्यावा.

जायचं ठरवलंत तर ऑगस्टचा उत्तरार्ध निवडा, तेव्हा हेदर फुललेलं असतं. यॉर्कहून रेल्वेने स्कारबरो गाठा आणि तिथूनच सुरुवात करा, म्हणजे चढाचा मोठा भाग हळूहळू अंगावर येतो आणि रॅव्हन्सकारनंतरचा उतार समुद्राकडे पाहत उतरता येतो. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असावेत, मडगार्ड असावेत आणि घंटी तर हवीच. किनाऱ्याला एक दिवस आणि माळरानाला एक दिवस ठेवा. दोन्ही एकाच दिवसात उरकायला गेलात तर किलोमीटर पदरात पडतील, पण तुरटीचे हौद आणि रोझडेलच्या भट्ट्या राहून जातील, आणि ही वाट मुळात सपाट का आहे तेही कळायचं राहील.